मेनजवळची जागा

आमच्या पडवीत वेल्डिंगचं मशीन आलं तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. सापगावच्या पुढे रस्ता सोडून आत आमची वाडी. टेम्पो रस्त्यावरच थांबला आणि तिथून चौघांनी ते बांबूला बांधून शेताच्या बांधावरून आणलं. भात पोटरीला आलेलं होतं. लांबून मला फक्त चार डोकी आणि मधे डुलणारी एक निळी पेटी दिसत होती, हिरव्यावरून तरंगत आल्यासारखी. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. घरात गाय येवो, सून येवो की लोखंडाची पेटी, आमच्याकडे ओवाळल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत.

ह्यांचा कारखाना बंद पडला होता. बारा वर्षं आटगावहून गाडी पकडून जायचे, वेल्डर म्हणून. बंद पडल्यावर म्हणाले, "आता कुनाच्या भोंग्यावर उठायचा नाय." म्हणून हे मशीन. मला आनंद व्हायला हवा होता, माणूस दिवसा घरी दिसणार म्हणून. पण मला त्या पेटीची भीती वाटली, आणि ती उगाच नव्हती. कारखान्यातली एक गोष्ट ह्यांनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितली होती. पावसाळ्यात ओल्या लोखंडावर बसून काम करणारा त्यांचा एक सोबती होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड पकडायचा चिमटा, हातात धरून तसाच बसून राहिला. शेजारच्याला वाटलं, दमला असेल. बराच वेळ कुणी हाकच मारली नाही.

त्या सोबत्यामुळेच असेल, ह्यांनी मशीन लावायला आठ दिवस घेतले. वाडीतले लोक येऊन बघून जात आणि हसत. "लगीन लावतोस का मशीन?" असं एकाने विचारलंही. ह्यांना फरक पडत नव्हता. आधी पेंढ्याची उडवी परसाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली, कारण ठिणगी कुठे जाऊन बसेल याचा नेम नसतो. पडवीच्या दोन बाजूंची कुडं काढून टाकली, धूर जायला. मग पडवीबाहेर माझ्याएवढा खोल खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी, तिच्यावर कोळसा, मग खडं मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, आणि मधोमध एक पाइप वर काढून ठेवला. "ह्याला म्हनतात अर्थिंग. पेटीत कुठं करंट उतरला तर ह्या वाटेनं जमिनीत जाईल. रोज तांब्याभर पानी घालायचा, सुकू द्यायचा नाय." मी तुळशीला पाणी घालून झालं की उरलेला तांब्या तिथे ओतायची. तुळस मरगळली असेल एखाद वेळी, पण तो खड्डा कधी सुकला नाही.

बसायला सागाची एक जाड, कोरडी फळी होती. तिच्यावर बसल्याशिवाय आणि पायात रबरी तळाचे बूट घातल्याशिवाय हे होल्डरला हात लावत नसत. अंगात सुती सदरा, बाह्या मनगटापर्यंत. हातमोजे उन्हात वाळवलेले. जस्ताचा पत्रा कुणी जोडायला आणला तर परत पाठवत, नाहीतर उघड्यावर नेऊन आधी घासून काढत. त्या धुराने ताप भरतो म्हणत. मलाही नायलॉनच्या साडीत पडवीत यायची बंदी होती. लग्नातली माझी एकुलती एक चांगली साडी नायलॉनची होती, त्यामुळे मी चार दिवस फुगून बसले, ते सोडा.

आणि मला जागा दिली ती मेनजवळची.

मेन स्विच दाराशेजारच्या भिंतीवर होता, मशीनपासून सात पावलांवर. लोखंडी डबा, उजव्या अंगाला दांडा. ह्यांनी "चढव" म्हटलं की दांडा वर, "पाड" म्हटलं की खाली. रॉड बदलायचा असला तरी आधी "पाड", मग नवा रॉड, मग "चढव". दुसरे वेल्डर असं करत नाहीत, सरसकट चालू मशीनवरच बदलतात, हे मला पुढे कळलं. ह्यांचं मात्र ठरलेलं होतं. पहिल्याच दिवशी माझे खांदे धरून मला भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि म्हणाले, "आयक गो. मी चिकटलो ना, तर मला हात लावायचा नाय. मी कसापन दिसलो तरी. आधी मेन. तू शिवलीस तर दोघं जानार."

बायकोला नवऱ्याने सांगायची ही काय गोष्ट झाली! पण मी मान हलवली.

उजेडाकडे बघायचं नव्हतं, डोळे जातात. त्यांच्याकडे काळी काच होती, माझ्याकडे भिंत. म्हणून त्या सगळ्या वर्षांची माझी आठवण ही भिंतीचीच आठवण आहे. पाठीमागे रॉड टेकला की शेणामातीची ती भिंत एकाएकी निळीपांढरी होई आणि तिच्यावर माझी सावली येऊन उभी राही. रॉड उचलला की सावली गायब. पुन्हा टेकला की पुन्हा हजर. भर दुपारी, बाहेर ऊन असताना, त्या भिंतीवर मात्र चांदणं पडल्यासारखं व्हायचं. उरलेल्या कुडाच्या फटीतून माहुलीच्या डोंगराचे सुळके दिसत, आणि मला कधीकधी वाटायचं, तेसुद्धा त्या उजेडाबरोबर पुढेमागे होतायत. मी अर्धवट झोपेत असल्यासारखी तिथे उभी असे. आवाजावरून मला काम कळू लागलं. भजी तळल्यासारखी सारखी चरचर आली की जोड चांगला चाललाय. मधेच फटफट झाली की रॉड दमट आहे, आता हे चिडणार. मग खरंच पाठीमागून शिवी यायची, रॉडला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी भिंतीला सांगायची.

वाडीलाही आमचं काम कळायचं. तारेत दाब आधीच कमी, त्यात आमचं मशीन. रॉड टेकला की घराघरातला बल्ब मिणमिणायचा आणि उचलला की उजळायचा. पलीकडची म्हातारी ओरडायची, "गो, तुझ्या दादल्याला सांग, टीव्हीवर शिरेल चालू हाय तवर मशीन लावू नको!" मी हसायची. पण मनातून मला ते बरं वाटायचं. बल्ब मिणमिणतोय म्हणजे मागे काम चाललंय, काम चाललंय म्हणजे माणूस ठीक आहे. कधी भांडी घासताना मी मेनवर शेजारणीला उभी करून जाई, तेव्हा चुलीजवळच्या बल्बवर डोळा ठेवून असे. कुणाला हे सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण ह्यांचे नियम नऊ दिवसांत संपले नाहीत. पाच वर्षं टिकले. मोडले ते देवापुढे, आणि मोडण्यात निम्मा हात माझा होता.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, कुऱ्हाड, विळा सगळं धुऊन पाटावर मांडतात. मशीन आल्यापासून मान त्याचा. पण त्या वर्षी टोकावड्याच्या एका धाबेवाल्याने चार लोखंडी बाकं सांगितली होती, दिवाळीआधी हवी होती. तोपर्यंतचं आमचं सर्वांत मोठं काम. ह्यांनी ठरवलं, पूजा झाली की मुहूर्ताची एक ठिणगी पाडायची, पहिल्या बाकाच्या पहिल्या पायावर. एकच ठिणगी, मग दसऱ्यापर्यंत मशीनला विश्रांती.

मी पहाटेच कामाला लागले. पडवी शेणाने सारवून काढली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. फळीखालची जमीनही सुटायला नको म्हणून फळी उचलून बाहेर उन्हात भिंतीला लावली. रांगोळी घातली. मशीनला झेंडूची माळ, होल्डरला हळदकुंकू. उरलेल्या झेंडूचं छोटं तोरण करून मेनच्या दांड्याला गुंडाळलं. म्हटलं, माझ्या जागेलाही आज सण असू दे. किती सुंदर दिसत होतं सगळं! ओल्या सारवणाचा वास, पिवळी फुलं आणि मधे ती निळी पेटी.

हे आंघोळ करून आले ते अनवाणी. देवापुढे बूट घालून कोण जातं? हातमोजेही नाहीत, चामडं घालून पूजा कशी करणार? नारळ फोडला तो मशीनच्याच पायाशी, आणि पाणी सारवलेल्या जमिनीवर पसरलं. ओल्या हातांनी त्यांनी मशीनला खोबरं ठेवलं, बाकाच्या पायाशी उकिडवे बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चढव."

मी दांडा वर केला. भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, माझी सावली यायची वाट बघत.

सावली आली नाही.

मशीन मात्र घुमत होतं, नेहमीपेक्षा जरा जड. मला वाटलं, रॉड लावायचा राहिला असेल, मग लक्षात आलं, रॉड लावायचा तर हे आधी "पाड" म्हणतात. आज म्हणाले नाहीत. मला आजही ते क्षण फार लांब आणि फार शांत आठवतात. बाहेर कोंबडी ओरडत होती. उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. मी मागे वळले. हे रॉड लावत असल्यासारखे उकिडवे बसले होते, एक हात होल्डरवर, एक हात रॉडवर, ओठ दातांवरून मागे ओढलेले, आणि माझ्याकडेच बघत होते.

मी धावले. मेनकडे नाही, त्यांच्याकडे. खरं ते सांगते. पाच वर्षं मान हलवलेली, पण पाय तिकडेच गेले. दोन पावलं. तिसऱ्या पावलाला नारळाच्या पाण्यावरून माझा पाय घसरला, मी गुडघ्यावर आपटले आणि गुडघा फुटला त्याने शुद्ध आली. तशीच वळून मेनवर झेपावले. तोरण दांड्याला करकचून बसलं होतं, माझ्याच हाताने बांधलेलं. फुलांसकट ओढलं. दांडा खाली आला आणि हे कलंडले.

करायला गेले गणपती, झाला मारुती.

ते श्वास घेत होते. डोळे उघडे होते. थोड्या वेळाने म्हणाले, "ठिनगी राहिली ना गो." मी त्यांच्या थोबाडीत दिली. वाडीतली दहा माणसं गोळा झालेली, खंडेनवमीचा दिवस, आणि मी नवऱ्याच्या थोबाडीत दिली आणि मग त्यांचं डोकं मांडीवर घेऊन अशी रडले की ती पलीकडची म्हातारी मला समजवायला लागली.

शहापूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली, दोन दिवस ठेवून घेतलं. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं आतून भाजली होती, ती पुढे कधी नीट मिटली नाहीत. दसऱ्याला लोक दवाखान्यात सोनं द्यायला आले तर ह्यांनी आपट्याची पानं डाव्या हाताने घेतली. कुणीतरी म्हणालं, एवढा अर्थिंगचा खड्डा खणलात आणि शेवटी काय उपयोग? हे म्हणाले, "खड्डा पेटीला राखतो. वल्या हाताला कोन राखनार?"

बाकं तशीच पडून होती. पंधरवड्याने, भाताची कापणी चालू असताना, एका दुपारी हे म्हणाले, "तू कर." मी आधी हसले. मग बघितलं तर हे थट्टा करत नव्हते. फळी कोरडी होती. बूट मला मोठे, म्हणून टाचेत चिंध्या कोंबल्या. हातमोजे त्यांनी स्वतः उन्हातून आणून माझ्या हातात चढवले, एका हाताने, लहान मुलाला घालतात तसे. काच कशी धरायची, रॉड काडी ओढल्यासारखा कसा ओढायचा ते सांगितलं. आणि सात पावलं चालत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"चढवा," मी म्हणाले.

काळ्या काचेतून काहीच दिसत नव्हतं, नुसता अंधार. मग रॉड टेकला आणि त्या अंधारात हिरवट रंगाचा एक छोटा थेंब पेटला. वितळलेलं लोखंड त्यात हळूहळू सरकत होतं, आमटीवर तेल सरकतं तसं. बाहेर शेतं, वाडी, कोंबड्या काही राहिलं नव्हतं. तो थेंब आणि मी. इतकी वर्षं हे एवढ्या सुंदर ठिकाणी जात होते आणि मला कधी बोलले नाहीत, असं मला वाटलं, आणि थोडा रागही आला. रॉड संपेपर्यंत मी तिथेच होते.

काच खाली घेतली. जोड कोंबडीने उकरल्यासारखा झाला होता. "पाडा," मी म्हणाले, आणि दांडा लगेच खाली आला, माझं बोलणं पुरं व्हायच्या आत. हे भिंतीकडेच तोंड करून उभे होते. सदरा पाठीला घामाने चिकटला होता, आणि डावा हात अजून दांड्यावरच होता. मी जोड बघा म्हणून हाक मारली तरी वळेनात.

"तू इतकी वर्सं हितं उभी रहायचीस," ते भिंतीला म्हणाले. "भ्या वाटायचा?"

"रोज," मी म्हटलं, आणि नवा रॉड घेतला.