प्रेमळ म्हणू नका

मुलीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ती पुण्यात जाहिरातीच्या क्षेत्रात आहे; माणसांची आणि दुकानांची नावं लोकांपुढे कशी आणायची, हे तिचं काम. तिचे वडील गेल्यानंतर वर्षभरानं तिच्या मनात आलं की आता आईचं नाव लोकांपुढे आणायचं. माझं पेज काढायचं, चांगले फोटो काढायचे, दोन-तीन व्हिडिओ टाकायचे. फोटोपर्यंत मी निमूट ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "आई, सगळ्यात आधी तुझी मूल्यं ठरव. कोअर व्हॅल्यूज. मला फक्त तीन शब्द दे. त्यांच्यावरच तुझा ब्रँड उभा राहील."

"ब्रँड साबणाचा असतो," मी म्हणाले.

"माणसाचाही असतो. लोक तुलाच का बोलावतात, दुसऱ्या कुणाला का नाही, ते शोध. आणि खरं सांग हं, छान छान नको."

मी सूत्रसंचालन करते. साध्या भाषेत सांगायचं तर माइक धरून बोलते. लग्नं, साखरपुडे, सेवानिवृत्तीचे निरोप समारंभ, शोकसभा. शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा हौस म्हणून सुरू झालं आणि निवृत्तीनंतर तेच काम झालं. दहाव्याला बाईनं माइक धरणं आमच्याकडे अजूनही काहींना खटकतं, तरी बोलावतात. आवाज खणखणीत आहे, वेळ पाळते, आणि पुढारी कितीही उशिरा आले तरी मंडपातली माणसं उठू देत नाही. हे सगळं मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, हे गुण झाले, मूल्यं नाहीत.

मेथी बाजूला ठेवून मी विचार करायला लागले. पहिला शब्द आला, प्रामाणिक. तो मनात आला आणि माझं मलाच हसू फुटलं. हा शब्द मी आदल्याच आठवड्यात हर्सूलच्या एका मंगल कार्यालयात अशा गृहस्थांसाठी वापरला होता, की ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं होतं. मग कर्तव्यदक्ष. मग मनमिळाऊ. मग प्रेमळ. हा तर सगळा माझ्याच दुकानातला माल! निरोप समारंभ असो की शोकसभा, हे शब्द माझ्या जिभेवर तयारच असत. जिवंत माणसाला 'आहेत' म्हणायचं, गेलेल्याला 'होते', फरक तेवढाच. यात आपण काही पाप करतो असं मला वाटत नसे. घरचं माणूस गेलेलं असतं, लोक दोन बरे शब्द ऐकायला बसलेले असतात. त्यांना ते दिले तर कुणाचं काय बिघडलं?

माझंच बिघडलं होतं, पण ते मी मुलीला फोनवर सांगितलं नाही.

माझे पती खरोखर प्रेमळ होते. इतका साधा शब्द त्यांच्यासाठी लिहिताना आजही माझा हात अडतो. मी कार्यक्रमाला गेले की ते स्कूटर घेऊन बाहेर थांबायचे, आत यायचे नाहीत, कारण त्यांना बघितलं की मी अडखळते असं त्यांचं म्हणणं. घरी येताना गजानन महाराज मंदिराच्या चौकात चहा प्यायचा आणि तिथं ते मला हळूच सांगायचे, "शेवटी जरा जास्तच झालं हं तुझं." मी चिडायचे. ते हसायचे आणि माझा कप विसळून द्यायचे. असा माणूस गेला. पुंडलिकनगरच्या आमच्या घरासमोर मांडव पडला आणि बोलायला आला माझाच एक विद्यार्थी, जो माझं ऐकून ऐकून हे काम शिकला होता. तो म्हणाला, "सर कर्तव्यदक्ष होते, मनमिळाऊ होते, प्रेमळ होते." माझेच शब्द, माझ्याच चालीत, जिथं मी थांबते तिथंच थांबून. लोक डोळे पुसत होते. मी कोरडी बसून होते. मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याबद्दल चाललंय. माझ्या माणसासाठी एक शब्द हवा होता, आणि तो मी गावभर वाटून संपवला होता.

महिन्याभरानं पुन्हा कामाला लागले, पुन्हा तेच शब्द वापरायला लागले. दुसरे येत नव्हते.

मुलीच्या त्या फोननंतर काही दिवसांनी देवगाव रंगारीहून बोलावणं आलं. बोलावणारा माणूस माझ्या ओळखीचा. गाव देवगाव, नोकरी शहरात, आणि गोतावळा एवढा मोठा की लग्नसराईतली माझी निम्मी कामं त्याच्या शब्दावर यायची. त्याचे वडील गेले होते. दहाव्याला नदीवरचे विधी आटोपले की घरापुढच्या मांडवात श्रद्धांजलीची सभा होती. "मॅडम, पुढारी बोलतील ते बोलतील, पण शेवट तुमचाच पाहिजे," तो म्हणाला आणि वडिलांविषयी काय काय बोलायचं ते त्यानं मला मोबाईलवर पाठवलं. शाळेला जागा दिली, शिवेवरच्या रस्त्यासाठी स्वतःच्या शेताचा बांध मागे घेतला, भावकीतली भांडणं मिटवली. आणि सगळ्यात शेवटी, प्रेमळ पती.

मी सकाळीच पोचले. विधी अजून नदीवर चालू होते. घरातल्या बायकांनी मला चहाला आत नेलं. गेलेल्या माणसाची बायको भिंतीला टेकून सतरंजीवर बसली होती. बारीक चणीची, पदर घट्ट धरलेली. मला बघून तिनं भोवतीच्या बायकांना म्हटलं, "जरा भाईर व्हा गं." त्या गेल्या.

"माइकवर बोलणाऱ्या त्या तुम्हीच का?"

"हो, मावशी."

"काय काय बोलणार हाये?"

मी मोबाईल काढून वाचून दाखवलं. ती मान हलवत ऐकत होती. शाळेची जागा, व्हय. रस्ता, व्हय. भांडणं मिटवली, व्हय. शेवटाला आले आणि तिची मान थांबली.

"ते शेवटचं नका म्हणू बाई. प्रेमळ म्हणू नका."

माझ्या मनात जे आलं ते मी विचारून टाकलं. "मारायचे का?"

"नाय. हात नाय लावला कधी. बोललेच नाय माझ्यासंग." ती शांतपणे सांगत होती. "माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाला मी न इचारता गेले व्हते. तवापासून बोलणं बंद. मी म्होरं उभी ऱ्हायची अन् ते पोराला म्हणायचे, तिला म्हणाव वाढ. तिला म्हणाव दार लाव. पोरं शिकायला शहरात गेली, तर भिताडाकडं बघून बोलायचे. पर माझ्याकडं बघून नाय. जाईपर्यंत नाय."

मी मोबाईल सतरंजीवर पालथा ठेवला.

"गावाला लई चांगला माणूस व्हता," ती म्हणाली. "त्ये बोला, त्ये खरं हाये. पर साऱ्या गावाम्होरं प्रेमळ म्हणलं, तर मंग मी कोण ऱ्हायले? एवढा प्रेमळ माणूस अन् बायकूशी बोलत नव्हता, म्हंजी बायकूतच खोट आसंल. आसंच म्हणतील. माझा सारा जलम खोटा पडंल बाई."

"बघते, मावशी," मी म्हणाले. आमच्या धंद्यात 'बघते' म्हणजे 'नाही'. तिला ते बरोबर कळलं.

"बघते नका म्हणू. व्हय म्हणा, न्हायतर नाय म्हणा."

मी म्हणाले, "व्हय."

मांडव भरला. पुढाऱ्यांनी गेलेल्या माणसाबद्दल थोडं आणि स्वतःबद्दल बरंच सांगितलं. माइक माझ्याकडे आला तेव्हा ऊन चढलं होतं. मी शाळेच्या जागेचं बोलले, रस्त्याचं बोलले. समोरची माणसं माना हलवत होती आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की खरं बोलताना आवाज चढवावा लागत नाही. एका म्हाताऱ्यानं बसल्या जागेवरून सांगितलं की आमच्या दोघा भावांना यांनीच एका ताटात जेवायला बसवलं. मी ते माइकवरून सगळ्यांना सांगितलं. मग थांबले आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती करणार, तेवढ्यात मुलगा माझ्याजवळ आला आणि कानाशी म्हणाला, "मॅडम, आईचं राहिलं."

माइक चालू होता. ते कुजबुजणं पहिल्या दोन रांगांनी तरी ऐकलं असणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. घराच्या दारात बायका बसल्या होत्या, त्यांच्या मध्ये ती. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली मातीकडे बघत होती. एका शब्दाचं तर काम होतं. तो म्हटला असता तर सभा छान पार पडली असती, आणि लग्नसराईही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र माझा कप विसळणारे ते हात आले. तो शब्द त्यांचा होता. तो मी इथं खर्च करणार नव्हते.

मी म्हणाले, "घराच्या आतलं मी पाहिलेलं नाही. जे पाहिलं नाही ते बोलण्याचा मला अधिकार नाही. पण हे घर ज्यांनी इतकी वर्षं चालवलं त्या बाई समोर बसल्या आहेत. त्यांना माझा नमस्कार." आणि मी दाराकडे बघून हात जोडले. मांडवातल्या काही माना वळल्या. तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, तोंडाला लावला.

जेवणाची पंगत बसली तेव्हा मुलानं मला गाडीपाशी गाठलं. चेहरा लाल झालेला.

"लिहून पाठवलं होतं ना तुम्हाला? एवढा एक शब्द जड झाला?"

"ते खरं नव्हतं," मी म्हणाले. माझाही आवाज चढला होता. "तुमच्या आईंनीच मला नको म्हणून सांगितलं."

त्यावर तो जे बोलला ते मला अजून सोडत नाही. "ते निरोप मीच न्यायचो, मॅडम. तिला म्हणाव वाढ, तिला म्हणाव दार लाव. खरं काय ते मला माहीत नाही का? म्हणूनच म्हणत होतो, चार माणसांत एकदा तरी कुणीतरी म्हणावं. मी म्हणू शकत नव्हतो. तुम्ही म्हणाला असतात."

आईला तो शब्द खोटं पाडत होता आणि लेकाला तोच शब्द हवा होता, आणि दोघांचंही दुःख खरं होतं. मी गाडीत बसले आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

व्हायचं ते झालं. ती माइकवाली बाई ऐनवेळी स्वतःच्या मनाचं बोलते, अशी बातमी पसरली. आमच्या कामात याहून वाईट काय असणार? ठरलेली लग्नं दुसऱ्यांकडे गेली. शेजारच्या बाई म्हणाल्या, कशाला पडायचं त्यांच्या घरच्या भानगडीत. शेजारणीचं चुकलं असंही मला म्हणता येईना. लग्नसराई सुरू झाली, रस्त्यानं वराती जायला लागल्या आणि मी खिडकीशी बसून दुसऱ्यांचे आवाज ऐकायला लागले. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. पतींच्या मागे माइकच मला घराबाहेर काढत होता. तोही गेला तर दिवसभर या घरात मी कुणाशी बोलणार? भिंतीशी? अशा वेळी मला देवगावची ती बाई आठवायची.

मुलीला अखेर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला तीन शब्द नकोत. हेच लिहूया. जे पाहिलं नाही ते बोलत नाही."

"असं लिहिलं तर दुकान बंद होईल माझं."

"झालंच आहे ना अर्धं? मग निदान पाटी तरी खरी लावू."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. बघते, म्हणाले.

मग एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आधी कुणा पोरीचा आवाज, घे आजी बोल म्हणणारा, आणि मग तो बारीक, शांत आवाज. "बाई, मी देवगावची. वळखलं का?"

मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. "ओळखलं, मावशी. कशा आहात?"

"हाये बरी. एक काम व्हतं. माझ्या दहाव्याला तुम्हीच बोला. पोराला सांगून ठिवलंय. आधी नाय म्हणत व्हता, आता व्हय म्हणला."

नेहमीसारखं 'असं बोलू नका, शंभर वर्षं जगा' म्हणता आलं असतं, पण तिला ते चाललं नसतं. मी विचारलं, "काय बोलू तुमच्याबद्दल?"

"आता मी काय सांगू? तुम्ही बघितलंय तेच बोलणार ना?"

"मावशी, मी तुम्हाला एकदाच तर पाहिलंय. घडीभर."

"मंग या की," ती म्हणाली. "बघायला या. मी घरीच अस्ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडी बदलून पिशवीत पाण्याची बाटली टाकत होते, तेव्हा मुलीचा फोन आला. कुठं निघालीस, तिनं विचारलं. देवगावला, म्हटलं, बुकिंग आहे. ती खूश झाली. पेजवर टाकू का, तारीख कधीची आहे, असं विचारायला लागली.

"तारीख ठरायची आहे अजून," मी म्हणाले. "लवकर ठरू नये असं वाटतंय. मला तिच्याबद्दल अजून काहीच माहीत नाही." आणि कुलूप लावून एसटी स्टँडकडे निघाले.