पायाशी ठेवलेला पत्रा

आमच्या कारखान्यात फायबरचे जाड पत्रे बनतात. त्यांच्या पोटात मेण भरलेलं असतं. पत्रा उन्हात ठेवला की मेण वितळतं, आणि सावलीत आणला की थिजता थिजता तीच ऊब तासन्‌तास परत देतं. मेण किती थिजलं हे आम्ही जुनी माणसं पालथा हात लावून ओळखतो. ऊब आहे तोवर आत अजून काही शिल्लक आहे.

आजारपणात माझ्या बायकोचे, सुमनचे, पाय गार पडायला लागले तेव्हा मी असा एक पत्रा घरी आणला. दिवसभर गच्चीवर तापवतो, संध्याकाळी चादरीत गुंडाळून तिच्या पायांशी ठेवतो.

"अहो, हा थिजला की पुन्हा उन्हात ठेवता येतो ना?" तिनं काल विचारलं.

"येतो की."

"बरंय त्याचं," ती म्हणाली.

आज सवयीनं तिच्या तळव्याला पालथा हात लावला, तर ऊब! मी ओरडलोच, "अगं, पाय गरम झालेत तुझे!"

ती कशीबशी हसली. "पत्रा काढा बघू आधी."

काढला. तळव्यावर हात ठेवून बसलो. बघता बघता पाय गार होत गेले. इतकी वर्षं कारखान्यात पत्रे तपासले, आणि घरात मला ऊब कोणाची हे कळू नये!

मांडीवरचा पत्रा अजून उबदारच होता. त्याचा भयंकर राग आला. तरी पुन्हा चादरीत गुंडाळून तिच्या पायांशी ठेवला, आणि पुन्हा पालथा हात लावला.