तुंगकाकूंचं कांडण

आमच्या शेजारच्या तुंगकाकू भांडायला लागल्या की नदीतली बदकंसुद्धा पलीकडचा काठ गाठतात. पण गावात कुणाकडे बाळंतीण असली, तर कोंबडीचा पहिला रस्सा त्यांच्याच घरून जातो. आणि वाडगं परत आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी काकू स्वतः त्या दारात उभ्या.

मी यान फूचेंग. सरकारी कोठारावर धान्याचा हिशेब करतो. चटईवर बांबूच्या काड्या मांडायच्या. लाल काडी जमा, काळी वजा. गावाला वाटतं की काड्यांना विचारून मी चोरसुद्धा पकडतो. हा समज मी कधी मोडला नाही.

त्या हिवाळ्यात काकू तणतणत आल्या. "फूचेंग, माझ्या दोन सुनांत एक कामचुकार आहे. कोण ते तुझ्या काड्यांना विचार."

"कोण ते तुम्ही ठरवलेलं दिसतंय."

"ठरवलंयच. पुरावा हवाय."

रोख धाकट्या लियनवर होता. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड. आणि आमच्याकडचं उखळ पायाचं! एकीनं फळीवर पाय मारायचा, दुसरीनं खाली बसून भात हलवायचं. एक उदबत्ती जळली की एक पाळी संपली. संध्याकाळी सगळा तांदूळ एकाच टोपलीत, त्यामुळे कुणाच्या पायाचा किती ते देव जाणे. "पाळीला तीन मापांखाली कांडणारी माझ्या घरात नको, माहेरी धाडीन," असं काकूंनी विहिरीवर चारचौघींत जाहीर करून टाकलं होतं.

"दोन दिवसांच्या पाळ्या आणि मापं मोजून आणा," मी म्हणालो. थोरली सून क्वेई मुकाट्यानं कामाला लागली. पहिल्या दिवशी क्वेईच्या चार पाळ्या, लियनच्या दोन. तांदूळ अठ्ठावीस मापं. दुसऱ्या दिवशी क्वेईच्या दोन, लियनची एक; चौदा मापं. मी काड्या मांडल्या. रीत सोपी आहे: दोघींपैकी एकीला हिशेबातून उडवायचं, की दुसरी आपोआप उघडी पडते. दुसरा दिवस दुप्पट केला आणि पहिल्यातून वजा केला. लियन उडाली. क्वेईही उडाली. तांदूळही उडाला. चटई साफ!

"अरे मेल्या, माझ्या सुना कुठे गेल्या?"

"काकू, तुम्ही दोन गोष्टी नाही आणल्यात, एकच गोष्ट दोनदा आणलीत. पाळ्यांचं प्रमाण तेच ठेवलंत तर शंभर दिवस आणा, चटई रिकामीच राहणार."

दाराआड क्वेई ओठ दाबून उभी होती. लियनला रोज आपल्या निम्म्याच पाळ्या पडू द्यायच्या, एवढीच तिची युक्ती. ती माझ्या काड्यांना भारी पडेल हे तिलाही ठाऊक नसावं. मी मनातल्या मनात तिला दाद दिली.

काकूंनी घरी जाऊन क्वेईला लगोलग आईला भेटायला पाठवलं आणि लियनच्या जोडीला स्वतः उखळाशी गेल्या. नुसतं भात हलवत बसल्या असत्या तर हिशेब तिथेच सुटला असता. पण गप्प बसतील त्या काकू कसल्या! "एक पाळी मी मारते. कांडणं कशाला म्हणतात ते बघ, भवाने."

लियनच्या तीन पाळ्या, काकूंची एक. तेरा मापं.

"माझी सहा धर," काकू चटईपाशी येऊन म्हणाल्या. "राहिली सात, त्यात हिच्या तीन पाळ्या. पाळीला अडीचसुद्धा पडत नाहीत. मी हिचं गाठोडं बांधते."

लियन उंबऱ्यावर बसली होती. ती रडली नाही. आखूड पाय तेवढा तिनं कपड्याखाली ओढून घेतला. मला काकूंचा असा राग आला की काड्या भिरकावून द्याव्यात.

"तुमची सहा कुणी मोजली?"

"मी सांगतेय ना!"

"कुणाच्या जागी आकडा ठेवायचा तर तो आधी सिद्ध व्हावा लागतो, काकू. तोंडचं माप कोठारात चालत नाही. फळीवर चढलात, आता तुम्हीही हिशेबात आलात. उद्या तीन पाळ्या तुमच्या, एक हिची."

शेजारणी ऐकत होत्या, नाही म्हणायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी काकू फळीवर चढल्या, म्हणजे चढल्या आणि लोंबकळल्या. उखळात घावांपेक्षा शिव्याच जास्त पडल्या. संध्याकाळी टोपलीत सात मापं.

मी आदला दिवस तिप्पट केला: लियनच्या नऊ पाळ्या, काकूंच्या तीन, एकोणचाळीस मापं. त्यातून आजचा दिवस वजा केला. काकू उडाल्या. उरल्या लियनच्या आठ पाळ्या आणि बत्तीस मापं.

"चार," मी म्हणालो. "लियन, तुझी पाळीला चार." मग ते चार पहिल्या दिवसात ठेवून पाहिले, तर क्वेईची निघाली पाच. फरक अवघ्या एका मापाचा!

लियन लंगडत चटईपाशी आली. "चार? माझ्या ह्या पायाची?"

"ह्याच."

तिनं मला काड्या पुन्हा मांडायला लावल्या. क्वेई तिला झाकत होती, आणि झाकण्यासारखं काही नव्हतंच, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. लियनलाही नाही.

"आणि माझं?" काकूंनी विचारलं.

तेरातून लियनची बारा गेली. चटईवर एकच लाल काडी राहिली. शेजारणी फिदीफिदी हसल्या. काकू चटईशी बसून त्या काडीकडे बघत राहिल्या.

"तीनच्या खाली," त्या हळूच म्हणाल्या. "माहेरी कुणी उरलं नाही रे माझ्या."

लियननं काकूंना दंडाला धरून उठवलं.

"सासूबाई, उद्यापासून तुम्ही भात हलवा, पाय आम्ही मारतो," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि मोजायला आता कुणाला बोलावू नका."