चार आणे मासळीचे, बारा आणे बाळाचे

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कुठलाही आकडा पहिल्या फटक्यात मान्य केलेला नाही. आम्ही थळला राहतो आणि त्या अलिबागच्या बाजारात मासळी विकतात. समोरच्याने काहीही म्हटलं तरी आधी नकाराची मान हलवायची आणि मग ऐकायचं, असा त्यांचा शिरस्ता. रिक्षावाला, गॅसवाला, सत्यनारायणाचा भटजी, यातून कोणीच सुटलेलं नाही. त्यामुळे माझी मुलगी चार दिवसांची असताना बाळाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या की वजन बरंच उतरलंय, तेव्हा सासूबाईंनी सवयीने मान हलवली.

"येवढं नाय उतरलं," त्या म्हणाल्या. "जरा वर धरा."

"मावशी, हे वजन आहे. काट्यावर आलं तेवढंच."

"काटा बरोबर हाय तुमचा?"

मी सिझेरियनचे टाके सांभाळत खाटेवर बसले होते. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, पण दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. डॉक्टरबाई मात्र रागावल्या नाहीत. त्या इथल्याच, किनाऱ्यावरच्या एका मुसलमान व्यापारी घरातल्या. वडिलांचं लाकडाचं दुकान, लहानपण गल्ल्याशेजारी गेलेलं. त्यांनी बाळ उचलून माझ्याकडे दिलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "पुढच्या खेपेला घरून वजन घेऊन या. काटा तपासून घ्या."

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण माझं माहेर उरणजवळचं, आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच महिन्यात आलं. एका घरात दोन लंगडणाऱ्या बायका नकोत, म्हणून मी सासरीच राहिले. सासूबाईंनी माझ्यासाठी बाजार बंद ठेवला. जिने तापातही टोपली चुकवली नव्हती तिने सुनेसाठी घरी बसणं म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळलं नाही.

मला मुलीला अंगावर पाजायचं होतं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे अभ्यास करूनच परीक्षेला बसायची खोड. पुस्तक वाचलं होतं, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते. मुलीने मात्र यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. ती तोंड लावायची, जरा चोखल्यासारखं करायची, मग झोपायची नाहीतर रडायची. ती रडली की मीही रडायचे. आपल्यात काही नाहीच, असं मनाने घेतलं होतं.

फ्रिजवर पावडरच्या दुधाचा डबा येऊन बसला होता. नवऱ्याने आणला होता, सासूबाईंनी सांगितलं म्हणून. मी त्याला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, "दोघींचंही बरोबर आहे." लग्न झाल्यापासून त्याचं हे एकच मत आहे. ते देऊन तो खताच्या कारखान्यातल्या पाळीला निघून जातो.

"आमच्या घरात बायांना दूध लागत नाय गो," सासूबाई मला समजावायच्या. "मना तरी कुठं व्हतं? तुजा नवरा शेलीच्या दुधावर मोठा झाला. काय कमी हाय त्याच्यात?"

काय कमी आहे याची यादी माझ्याकडे तयार होती, पण बोललं की टाके ओढायचे.

दूध लागत नाही असं म्हणता म्हणता त्या दूध यावं म्हणून मला मोरी खायला घालत होत्या. मोरी म्हणजे लहान शार्क. बाळंतिणीला ती द्यायचीच, असा आमच्याकडे नेम. सकाळी कालवण, दुपारी सुकं, रात्री उरलेलं कालवण. थळच्या समुद्रात एखादी तरी मोरी शिल्लक राहिली असेल का, अशी मला काळजी वाटू लागली.

पुढच्या खेपेला सासूबाई खरोखरच वजन घेऊन निघाल्या. एक किलो साखरेचं सीलबंद पुडकं. डॉक्टरबाईंनी ते स्वतःच्या हाताने काट्यावर ठेवलं. काटा खरा निघाला, आणि सासूबाईंना त्याचा जरा रागच आला. मग मुलीला ठेवलं. वजन आणखी उतरलं नव्हतं, पण चढलंही नव्हतं.

"पहिले काही दिवस बाळं उतरतातच, मग चढतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिने आता चढायला हवं. जरा पाजा बघू."

आणि त्या स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या. बाळ पितं का, हे मला आतापर्यंत सगळ्यांनी विचारलं होतं. बसून पाहिलं कोणीच नव्हतं. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण डॉक्टरबाईंना जणू आज दुसरं कामच नव्हतं.

"ती नुसतं टोक चोखतेय," त्या म्हणाल्या. "म्हणून तुम्हाला दुखतं आणि तिला मिळत नाही. आधी तोंड मोठं उघडू दे. तुम्ही वाकू नका, तिला तुमच्याकडे आणा. हनुवटी टेकली पाहिजे. टाके दुखतात ना? मग तिला काखेत घ्या. पाय मागे, डोकं हातावर. टोपली काखेत मारतात ना, तशी."

मला टोपली म्हणजे भाजीची, तीही चाकांची. मी चाचपडायला लागले तशा सासूबाई पुढे आल्या. "सरक. तुना कुठं येते टोपली," म्हणत त्यांनी माझा हात वाकवला, पाठीशी उशी सारली, मुलीला नीट बसवलं. डॉक्टरबाईंनी तिच्या ओठाला टोक हलकंच लावून ती तोंड उघडेपर्यंत थांबायला शिकवलं. मग मुलीने तोंड उघडलं आणि एकदाचं नीट धरलं. थोड्या वेळाने गिळल्याचा आवाज आला. अगदी बारीक, पण तिघींनीही ऐकला.

"आता दिवसभर हेच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिने मागितलं की द्यायचं, घड्याळ बघायचं नाही. ती जेवढं ओढेल तेवढं बनेल. डबा नको, पाणी नको, मध नको, गुटी नको."

"दिसाला दोन टाइम डबा," सासूबाई म्हणाल्या.

"एकही नाही."

"रातचा एक."

"मावशी, डब्याने पोट भरलं की ती ओढणार नाही. ओढलं नाही की बनणार नाही. मग तुम्हीच म्हणणार, आमच्या घरात दूध लागत नाही."

"न् पोर उपाशी ऱ्हायली म्हंजे?"

इथे डॉक्टरबाईंचं हसू गेलं. "उपाशी मी ठेवणार नाही. बुधवारपर्यंत फक्त आईचं. लघवी कमी झाली, पोर सुस्त पडली, तर बुधवारची वाट बघू नका, त्याच दिवशी या. आणि बुधवारी काटा हलला नाही, तर डब्याचं माप मी स्वतः सांगेन. पण हलेल, इन्शाअल्ला. कबूल?"

सासूबाईंनी विचार केला. मग एकदम आठवून म्हणाल्या, "न् मोरी?"

"खाऊ दे की. पोटभर खाऊ दे."

"मोरीनं दूध येतं. तेपन सांगा तिला."

"येतं ते बाळाच्या ओढण्याने."

"निम्मं मासलीचं धरा."

डॉक्टरबाईंनी पेन गालाला लावून जरा वेळ घेतला. "चार आणे धरते."

"न् बारा आणे बालाचे," सासूबाई म्हणाल्या. "जमलं."

दूध माझं, सौदा त्या दोघींचा. मला कोणी विचारलंही नाही, आणि त्याचं मला काही वाटलंही नाही. उलट कितीतरी दिवसांनी खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

बाजारात एकदा शब्द दिला की सासूबाई मोडत नाहीत. शेजारची काकी मधाची बाटली घेऊन आली, तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. "डाक्टरीनबायशी बोली झालीया," एवढंच कारण. मुलीची ओली लंगोटी दोरीवर पडली की त्या मला हाक मारून दाखवायच्या, जणू माझ्याच पराक्रमाचं निशाण फडकतंय. मुलगी जागी झाली की स्वैपाक टाकून उशी घेऊन यायच्या. शिवाय तोंडाचा पट्टा चालूच. असं धर, तसं धर, वाकू नको, डाक्टरीनबाय काय बोलली?

पण एका दुपारी माझा धीर सुटला. सकाळपासून मुलगी अंगावरच होती. सोडली की रडे, धरली की ओढून ओढून पुन्हा रडे. माझी पाठ मोडली होती, डोळे मिटत होते. "डबा फोडा," मी सासूबाईंना म्हणाले. "मला नाही होत."

त्यांनी डबा खाली काढला. झाकणावर हात ठेवून माझ्यासमोर बसल्या. त्यांची तर पहिल्यापासूनची तीच इच्छा होती. पण त्यांनी आधी दोरीकडे पाहिलं, सकाळपासूनच्या लंगोट्यांची रांग लागली होती. मुलीचे हातपाय चाचपले. ती चांगली ताकदीने किंचाळत होती.

"सुस्त नाय," त्या म्हणाल्या. "मंग बुधवारपरयंत नाय. मी बोललीया."

मला त्यांचा इतका राग आला की आजही आठवला तर हसू येतं. डबा पुन्हा फ्रिजवर गेला. त्यांनी मुलीला खांद्यावर घेऊन घरभर फिरवलं, मला बळेच झोपवलं आणि मी उठल्यावर तिला परत आणून काखेत दिलं. ती संध्याकाळ कशीतरी निघाली.

बुधवारी काटा हलला. चांगला हलला. "येवढंच?" सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा फुलला होता. मुलीला उचलून मी तिच्या पोटावर तोंड टेकलं आणि तशीच बसून राहिले.

डॉक्टरबाई कागदावर लिहीत होत्या. लिहिता लिहिता सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला दूध नव्हतं हे कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? दिसत व्हतं. महिना भरायच्या आत मी टोपली उचलली. सकाली जायची ती दिवस कलल्यावर यायची. आली की पोर तोंड लावायचं न् रडायचं. सासू बोलली, तुजी छाती सुकली. मंग शेली आनली."

"आणि बाजारात? बाजारात काही व्हायचं?"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भिजायची मी. दुपारच्याला चोली भिजायची. पदर दुमडून आत ठेवायची. बाया विचारायच्या, तर मी बोलायची, बर्फाचं पानी हाय. गाठी व्हायच्या, ताप भरायचा. मंग आपसूक ऱ्हायलं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, ते दूध होतं."

"व्हय, पन तसलंच. कामाचं नसंल."

"कामाचं होतं. भरपूर होतं. पोर जवळ नव्हतं, म्हणून आटलं."

सासूबाईंनी मान हलवली. "निम्मं तरी पानी असंल."

"नाही मावशी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यात घासाघीस नाही. सगळं दूध होतं."

पुन्हा मान हलेल म्हणून मी बघत होते. ती हलली नाही.

परत येताना रिक्षावाल्याने मागितले तेवढे पैसे सासूबाईंनी काढून दिले. तो बिचारा घाबरून दोनदा मागे वळून बघत गेला. संध्याकाळी नवरा पाळीवरून आला. त्याला वाढून त्या समोरच बसून राहिल्या.

"मना दूध व्हतं रं," त्या म्हणाल्या. "तुज्यासाठी व्हतं. मी समजली, बर्फाचं पानी."

त्याला काही उलगडलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. पण त्या दिवशी दोघींचंही बरोबर आहे असं काही तो म्हणाला नाही. ताट सारून उठला आणि आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. मी आत गेले, कारण मुलगी उठली होती, आणि मलाही रडू आवरत नव्हतं.

आता मुलगी बालवाडीत जाते आणि आजीच्या बशीतला चहा मागते. सासूबाई पुन्हा बाजारात बसतात. त्यांच्या शेजारी एक नवी पोरगी मासळी घेऊन बसायला लागली आहे, तिचं तान्हं बाजारामागच्या खोलीत तिची आई सांभाळते. मध्ये एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना जेवणाचा डबा द्यायला गेले, तेव्हा त्या पोरीची जागा रिकामी होती आणि सासूबाई दोन्ही टोपल्यांच्या मधोमध बसल्या होत्या. ती कुठे गेली, मी विचारलं.

"पाजायला धाडली," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने पोरीच्या टोपलीतल्या मासळीच्या वाट्याचा भाव विचारून अर्ध्यावर मागितला. सासूबाईंनी मान हलवली. गिऱ्हाईक थोडं वर चढलं. त्यांनी पुन्हा मान हलवली. शेवटी ते पूर्ण पैसे देऊन गेलं, आणि सासूबाईंनी ते पैसे पोरीच्या पाटाखाली सरकवले.