रजई कोरडी निघाली तेव्हा

भूत, करणी, झपाटणं... असलं मी कधी मानलं नाही. मानणाऱ्यांची लई थट्टा केली, बायकोची तर रोजच. मी पिंजारी माणूस. कापूस, पिसं आणि ओल, एवढ्यापुरतीच माझी अक्कल. पण ओलीच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, म्हणून हे लिहितोय.

निजामाच्या अमलातली गोष्ट. पाली गावात उंदीर मरून पडायला लागले, तसं सगळं गाव प्लेगच्या भीतीनं घरं सोडून बिंदुसरा नदीच्या काठी रानात गेलं. ऐन थंडीत कापडाची पालं ठोकून राहिलो. एका पालात मी आणि माझी बायको हुसेनबी. ऊब म्हणाल तर एकच – बदकाच्या पिसांची रजई. दौऱ्यावरच्या एका साहेबानं वास मारते म्हणून टाकून दिलेली. मी ती उसवली, पिसं वाळवली आणि पुन्हा भरली.

पिसं कोरडी असली तर चुलीपाशी बसल्यासारखं वाटतं. ओलावली की गोळे होतात. मग ती रजई घेतली काय आन् धोतर पांघरलं काय, सारखंच. आणि ही ओल बाहेरून कमी, आपल्याच श्वासातून जास्त शिरते. मी हुसेनबीला बजावायचो, तोंड बाहेर ठेवून नीज. ती कसली ऐकते! रोज सकाळी तिच्या बाजूला, तोंडाशी, तळहाताएवढा ओला डाग. मी कटकट करत रजई उलटी करून उन्हात टाकायचो, गोळे हातानं मोकळे करायचो.

एका सकाळी तिची बाजू खडखडीत कोरडी. चला, आली एकदाची अक्कल, म्हणून मी तिचं कौतुक केलं. ती म्हणाली, तोंडावरूनच घेतलती की. मला वाटलं, थापा मारते.

दुसऱ्या सकाळीही कोरडी. आणि मी मूर्ख... खूश होतो.

तिसऱ्या सकाळी धुकं पडलं होतं. जो बोलेल त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. हुसेनबी चुलीपाशी भाकरी थापत माझ्याशी बोलत होती. ताप नाही, काखेत प्लेगची गाठ नाही... आणि तोंडातून वाफही नाही. मी घासलेला पितळी तांब्या तिच्या तोंडासमोर धरला. तिनं फुंकर मारली, तांब्या तसाच लखलखीत. मी मारली, तर लगेच धुरकटला.

ती तांब्याकडं बघत राहिली. म्हणाली, "माझा दम जातो कुठं?"

थंडी कमी झाली आसंल, म्हणालो मी. माझेच दात वाजत होते.

त्या रात्री ती झोपल्यावर मी तिच्या बाजूला सरकलो आणि तिच्या तोंडापाशी रजईत श्वास सोडत पहाटेपर्यंत पडून राहिलो. सकाळी तिला डाग दिसावा, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

उठल्यावर तिनं डागावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"ह्यो तुमचा हाय," ती म्हणाली. "कशापायी जागलात?"

दुपारी ती गेली. ताप न येता, बोलता बोलता. लोकांनी रजई जाळायला लावली, मी जाळली. तिचा दम कुठं गेला, हे मी हकिमाला विचारलं. तो म्हणाला, प्लेग. मौलवींना विचारलं. ते म्हणाले, सबर कर. इतकी वर्षं सबर केलं... कळलं मात्र काहीच नाही.