क्रेन त्या दिवशी कुठे गेली होती

गोंदियाच्या स्टेशनाबाहेर वाफेची एक जुनी क्रेन रंगरंगोटी करून, भोवती कठडा घालून उभी केली आहे. येणारेजाणारे तिच्यापुढे सेल्फी काढतात. ती कुठली, तिच्यावर कोण राबलं, याचं कोणाला काही पडलेलं नाही. पडलेलं होतं ते एकट्या मुर्रीच्या रत्नपाल मास्तरांना. रेल्वेच्या एका साहेबांनी सहज म्हटलं, इतिहास लिहून द्या, पाटी लावू. झालं, मास्तर हात धुऊन मागे लागले. बायको अल्का जाऊन आठ महिने झालेले. दोन खोल्यांत एकटा माणूस, दुसरं करणार तरी काय?

खरं सांगायचं तर पाटी हे निमित्त. मास्तरांचे वडील देवाजी याच क्रेनवर कोळसा टाकायचे. कुठे डबे घसरले की भोंगा व्हायचा आणि देवाजी हातातला घास ठेवून पळायचे. एक्याऐंशीच्या अठरा डिसेंबरला आई, कुसुमबाई, दवाखान्यात वारली तेव्हा उशाशी दहावीतला रत्नपाल एकटा होता. वडील संध्याकाळी उगवले, सगळं संपल्यावर. म्हणाले, "क्रेनचं काम होतं." तेवढ्यावर पोरानं जो अबोला धरला, तो बाप मेला तरी सोडला नाही. आता साठीला टेकल्यावर त्याला एकच जाणून घ्यायचं होतं, त्या दिवशी अपघात झाला तरी केवढा? मोठा असेल, माणसं दबली असतील, तर बापाला माफ करता येईल. मरून गेलेल्या माणसाला माफी! पण मास्तरांचा जीव तिथेच अडकला होता.

कचेरीतल्या कपाटांत नुसती धूळ निघाली. मग कळलं, क्रेनचे ड्रायव्हर केवलराम अजून हयात आहेत, कोहमाऱ्याला मुलाच्या ढाब्यामागे राहतात. मास्तर बसने गेले. म्हाताऱ्यानं पेटीतून ड्युटीची डायरी काढून दिली. अठरा डिसेंबरच्या पानावर लिहिलं होतं, क्रेन शेडमध्ये, बॉयलर थंड.

मास्तरांनी साल पुन्हा पाहिलं. तेच होतं. रागानं त्यांनी डायरी खाली आपटली. म्हणजे बाप खोटंही बोलला होता.

केवलरामांनी डायरी उचलून परत पेटीत ठेवली. मग म्हणाले, "नाही गेली बापा क्रेन त्या दिवशी. तुया बाप सकाळपासून तिच्या केबिनमंदी बसून होता. म्या म्हटलं, देवाजी, जा ना दवाखान्यात. तं म्हणे, मले तिले जाताना पाहवत नाही. लेकरावानी रडून राहिला होता."

परतताना मास्तर घरी गेलेच नाहीत. क्रेनच्या कठड्याला टेकून बसून राहिले. जन्मभर ज्या लोखंडावर दात खाल्ले, त्यानं बापाला रडायला जागा दिली होती. पोटच्या पोरानं नव्हती दिली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात पुण्याहून मुलगी रंजिताचा फोन आला. शेजारच्या धुरपताबाई सांगत होत्या, घराला सदा कुलूप असतं. पुण्याला या म्हटलं तर येत नाही, घरीही राहत नाही, मग दिवसभर असता कुठे, असं ती विचारत होती.

"क्रेनचं काम होतं," मास्तर म्हणाले.

म्हणाले आणि थांबले. तिकडे रंजिता हॅलो, हॅलो करत राहिली.

"काम काही नाही, बाई," शेवटी त्यांच्या तोंडून निघालं. "तुयी माय नाही त्या घरात. मले जाववत नाही."