किरणांची वाट अडवू नका!

परवा पुन्हा त्याच कॉरिडॉरमध्ये बसले होते... कोल्हापुरातल्या हॉस्पिटलात, एमआरआयच्या रिपोर्टची वाट बघत. सहा महिन्यांपूर्वी इथंच माझ्या डोक्यातल्या गाठीवर रेडिएशनचे किरण सोडले होते.

गाठ साधी, कॅन्सरची नव्हे. पण बया बसली कुठं, तर डाव्या डोळ्याच्या नसेला खेटून! मी ब्लाउज शिवते, डोळा गेला तर सगळंच गेलं. तिथं ऑपरेशन धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी पाच दिवस अगदी नेमके, गाठीपुरते किरण द्यायचं ठरवलं.

गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मास्क बनवला. तो टेबलाला पक्का अडकवतात, खोलीत आपण एकटंच, आणि जराही हलायचं नाही... मी, जिला दोन मिनिटं गप बसवत नाही!

पहिल्या दिवशी जाम टरकले होते. डोळे मिटले आणि अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आठवला. मावळतीचं ऊन महाद्वारातून सरळ आत येतं, देवीच्या पायांवर, मग छातीवर, मग चेहऱ्यावर... लहानपणी आईच्या कडेवरून बघितलेलं. मशीन डोक्याभोवती हळूहळू फिरत होतं, दुखत काहीच नव्हतं, आणि मला पावलं उबदार झाल्यासारखी वाटत होती. किती वेळ गेला कळलंच नाही.

बाहेर आले तर कॉरिडॉर मधोमध रिकामा. सगळे पेशंट, नातेवाईक दोन्ही भिंतींना चिकटून उभे! मधे आमची कागलची आई, पदर खोचून, एका आजोबांना सरकवतेय.

"ओ पावणं, जरा कडंला व्हा की... आत किरणं पडाय लागल्यात, वाटंत सावली नको."

देवळात उन्हाची वाट सोडून लोक कडेला उभे राहतात ना, तेच हिनं इथं लावलेलं. लाजेनं मेले अगदी! म्हटलं, अगं आई, किरण मशीनमधून येतात, दारातून नव्हे.

"असंल की," ती म्हणाली. "पर आपल्याकडनं आडकाठी न्हाय व्हायची."

दुसऱ्या दिवसापासून तिला कुणाला सांगावंच लागलं नाही. पाचव्या दिवशी माझ्यानंतर ते आजोबा आत गेले, आणि मी आपोआप उठून भिंतीला टेकून उभी राहिले. हसू येत होतं, पण सरकले नाही.

परवा रिपोर्ट आला. गाठ वाढलेली नाही, उलट किंचित आक्रसलीय... नजर शाबूत! डॉक्टरांसमोरच रडले मी.

घरी येऊन आधी शिलाई मशीनवर बसले. उजवा डोळा मिटला, सुईत दोरा घातला... पहिल्याच फटक्यात गेला!

ओरडून आईला सांगायला मान वळवली. ती खिडकीपासून बाजूला सरकून उभी होती, भिंतीला टेकून. माझ्या उजेडात यायला नको म्हणून... आयुष्यभर ती अशीच उभी आहे, आणि माझं लक्ष आत्ता गेलं.